पाहुणे येईपर्यंत गात राहा

आमच्या शाळेचा संगीत विभाग माझ्याकडे आला, त्याला माझा गळा कारणीभूत नाही. वर्कलोड कारणीभूत आहे. मी मूळचा इतिहासाचा माणूस. पटसंख्या घसरली, नववीची एक तुकडी गेली आणि तिच्याबरोबर माझे तासही गेले. मुख्याध्यापकांनी वेळापत्रकाचा तक्ता टेबलावर पसरला, पेन्सिलीच्या टोकाने चौकोन मोजले आणि म्हणाले, "सर, तुमचे दोन तास कमी पडतायत. संगीत घेऊन टाका."

"सर, मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही."

"त्याचं काय एवढं? पी.टी.च्या सरांचा गुडघा गेलाय, तरी ते पी.टी. घेतातच ना?"

संगीताच्या बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. आधी बाई गेल्या, मग त्यांची जागा गेली, मागे राहिली ती पेटी. डेडस्टॉक रजिस्टरला तिची नोंद होती : 'हार्मोनियम, नग 1, चालू स्थितीत'. दरवर्षी ही ओळ कुणीतरी इमानाने पुढच्या पानावर उतरवत आलं होतं. पेटी मात्र कुणी उघडली नव्हती. ती क्रीडासाहित्याच्या कपाटात, गंजलेल्या लेझिमांच्या आणि विज्ञान प्रदर्शनातल्या एका ज्वालामुखीच्या खाली सापडली. भाता ओढला तेव्हा आधी धूळ आली, मग झुरळ आलं आणि सगळ्यांत शेवटी सूर आला. आला तो जाईना. काळी तीनची पट्टी एकदा दाबली की दाबलेलीच राहायची.

आता मिरज आमच्याकडून एसटीने तासाभरावर. तिथे सतार-तंबोरे घडवणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या बसलेली आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे पेटीची एक पट्टी सुटी करून देणारा माणूस मिळणार नाही असं होणारच नाही. मी क्लार्कभाऊंकडे गेलो.

"दुरुस्तीचं बिल टाकता येणार नाही, सर."

"का?"

"रजिस्टरला ती चालू स्थितीत आहे. चालू वस्तू दुरुस्त कशी करणार? ऑडिटवाला धरेल."

"मग नादुरुस्त अशी नोंद करा."

"नादुरुस्त लिहिली की निर्लेखनाला जाते. भंगारात. मग संगीत विभागच राहत नाही." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे अशा आशेने पाहिलं, की मला क्षणभर मोह झाला.

शेवटी मी आठवी ब मधला एक शांत मुलगा निवडला, त्याच्या हातात कर्कटक दिलं आणि त्याला पेटीशेजारी बसवलं. पट्टी अडकली की कर्कटकाच्या टोकाने ती वर उचलायची, एवढंच त्याचं काम. काळी एकच्या पट्टीत गायलं की काळी तीन हा मध्यम होतो, म्हणून त्या मुलाला सगळे 'म' म्हणू लागले. त्याने हे काम इतकं मनावर घेतलं, की स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत 'हार्मोनियम' आणि 'तबला' यांच्या खाली 'मध्यम साहाय्य' अशी स्वतंत्र ओळ छापून घेतली.

पुढे कुणाकडून तरी कळलं, की भूप रागात मध्यम आणि निषाद लागतच नाहीत. त्या दिवसापासून भूप हा आमच्या शाळेचा अधिकृत राग आहे. पाहुण्यांना आम्ही सांगतो की मुलांवर सात्त्विक संस्कार व्हावेत म्हणून. भूप चालू असतानाही 'म' कर्कटक उगारून बसलेला असतो, कारण पेटी मी वाजवतो, उजव्या हाताच्या एका बोटाने, आणि ते बोट कुठे जाईल याची खात्री त्याला नाही.

तासाला शिकवायचं काय, हा प्रश्न मी माझ्या परीने सोडवला. मी संगीत इतिहासाच्या अंगाने घेतो. फळ्यावर सनावळ्या लिहून देतो. 1842 : पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबेननं हार्मोनियमचं पेटंट घेतलं. 1872 : कुरुंदवाडला विष्णु दिगंबर पलुसकरांचा जन्म. पुढे मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिक्षण. 5 मे 1901 : लाहोरला गांधर्व महाविद्यालयाची स्थापना. 1940 : मींड आणि श्रुती काढता येत नाहीत म्हणून रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती थेट 1971 पर्यंत. (आमची पेटी ऐकली असती तर आजही उठवली नसती.) पंडित भातखंडे पेशाने वकील होते. एवढ्या रागांचा पसारा त्यांनी दहा थाटांत वाटून दिला, आणि वाटणीचे तंटे जसे चालतात तसा तो तंटा अजून चालू आहे, हे मी गुणांसाठी विचारत नाही.

मुलं माना खाली घालून हे सगळं वहीत उतरवून घेतात. संगीताच्या तासाला आमच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते. एकदा मुख्याध्यापक फेरी मारता मारता दाराशी थांबले, आत पाहिलं आणि गहिवरून म्हणाले, "वा! संगीताच्या तासाला इतकी शिस्त मी आयुष्यात पाहिली नाही." शेजारच्या वर्गातले गणिताचे सर तर मला चहा पाजतात. पूर्वीच्या बाई तासाला गाणं घ्यायच्या म्हणे, त्याची त्यांना फार तक्रार होती.

सहामाहीला मी एक प्रश्न घातला : 'टाळी आणि खाली म्हणजे काय, सोदाहरण स्पष्ट करा.' एका मुलाने लिहिलं, 'भाषण संपल्यावर वाजते ती टाळी. त्यानंतर पाहुणे बसतात ते खाली.' मी त्याला निम्मे गुण दिले. आमच्या शाळेपुरतं ते बरोबरच होतं.

प्रत्यक्ष ताल आमच्याकडे शिपाईमामा सांभाळतात. मामा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. अख्ख्या इमारतीत संगीत कळणारा माणूस तेवढा एकच, पण सेवाज्येष्ठता यादीत तो विषय येत नाही. मामांच्या हाताखाली पोरं तासाभरात केरवा धरायला शिकली. अडचण एकच. घंटाही मामांकडेच. तबल्यावर लग्गी रंगात आलेली असते, मुलांच्या माना हलत असतात, आणि मामा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून ताडकन उठतात. "तास झाला." बाहेरून टण्ण असा टोला येतो. मामा परत येऊन बसतात आणि जिथे सोडलं होतं त्याच मात्रेवर हात टाकतात. ते चुकत नाहीत. आम्ही मात्र तोपर्यंत दुसऱ्याच गाण्यात शिरलेलो असतो.

समूहगान स्पर्धेचं म्हणाल तर त्यात आमचा शत्रू दुसरी शाळा नसून वय आहे. निवड चाचणी जुलैत होते, स्पर्धा डिसेंबरात. या वयात मुलांचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांबतात आणि आवाज जवळजवळ सप्तकभर खाली जातो, हे विज्ञानाच्या बाईंनी मला चित्र काढून समजावलं. पण त्याला तारीख नसते. काळी पाचला खणखणीत गाणारा माझा मुख्य गायक दिवाळीच्या सुट्टीवर गेला आणि पांढरी दोनला परत आला. त्याला सुरुवातीला स्वतःलाच ते पटेना. तो तोंड उघडायचा आणि मागे वळून कोण बोललं ते बघायचा. बरं, सगळ्यांचा आवाज एकदम फुटला असता तर मी अख्खं गाणं खाली आणलं असतं. पण निम्मे फुटलेले, निम्मे फुटायच्या बेतात, आणि एक जण असा की तो एकाच ओळीत जाऊन परत येतो. मुलींनी त्या काळात जी सहनशीलता दाखवली तिची नोंद कुठल्याही प्रगतिपुस्तकात होत नाही.

मुलांच्या नोंदी मात्र होतात. आठवीपर्यंत वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागतात. कला विषयाच्या नोंदींचा एक तयार कागद शिक्षकांमध्ये फिरत असतो : 'गीत तालासुरात म्हणतो', 'विविध वाद्यांची ओळख सांगतो', 'समूहगीतात आनंदाने सहभागी होतो'. मी रात्री जेवण झाल्यावर बसतो आणि वरून खाली उतरवत जातो. आमच्या वर्गातला एक मुलगा तोंडच उघडत नाही. परिपाठात नुसते ओठ हलवतो. त्याच्याही पुढे मी लिहिलं, 'गीत तालासुरात म्हणतो'. वडील सही करायला आले, नोंद वाचून चकित झाले. "आमचा?" त्यांनी विचारलं. मग बराच वेळ मुलाकडे बघत राहिले. पुढच्या महिन्यात घराच्या वास्तुशांतीला त्यांनी त्याला माइकसमोर उभा केला असं कानावर आलं. पुढचं मी विचारलं नाही.

पालकांना संगीताची खरी गोडी लागते ती मुलगा दहावीला गेल्यावर. शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात ही बातमी गावात पोचली आणि माझ्याकडे रांग लागली.

"सर, मुलीला शास्त्रीय संगीत लावायचंय."

"लावा की. गळा गोड आहे तिचा."

"मार्चच्या आत होईल ना?"

मी समजावून सांगतो, की आधी प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम, मग प्रवेशिका पूर्ण असं पायरीपायरीने जावं लागतं, एका परीक्षेने भागत नाही. ते विचारात पडतात. "मग तबला घेतला तर लवकर होतो का?" एका गृहस्थांनी तर टक्केवारीमागे कुठलं वाद्य स्वस्त पडतं याचा तक्ताच मागितला. त्यांचं खतांचं दुकान आहे.

बँडपथक माझ्याकडे नाही, हे बरं आहे. ते पी.टी.च्या सरांचं. त्यांच्याकडे दोन साइड ड्रम, एक बेस ड्रम आणि एक बिगुल आहे. बिगुल वाजवता येणारा मुलगा गेल्या साली पास होऊन गेला. मी मैदानाच्या कडेला समूहगान घ्यायला बसलो की नेमका त्यांचा सराव सुरू होतो. आम्ही एकमेकांना काही बोलत नाही. ते फक्त बेस ड्रम माझ्या बाजूला वळवतात.

पण हे सगळं वर्षभराचं किरकोळ. माध्यमिक शाळेतलं संगीत ज्याच्यासाठी जन्माला आलं आहे, ते म्हणजे स्वागतगीत. पाहुणे नसते तर आमची पेटी ज्वालामुखीखालीच राहिली असती. जयंती, पुण्यतिथी, सायकलवाटप, वृक्षारोपण, गणवेशवाटप, कुणाचा तरी सत्कार, निरोप, नवीन स्वच्छतागृहाचं उद्घाटन : प्रत्येकाला पाहुणा लागतो आणि पाहुण्याला गाणं लागतं. आमचं स्वागतगीत शाळेतल्याच एका जुन्या गुरुजींनी रचलेलं आहे. त्यात सुमनं आहेत, ओंजळ आहे, भाग्य उजळलेलं आहे, आणि दुसऱ्या ओळीत एक रिकामी जागा आहे. त्या जागेत पाहुण्यांचं पद घालायचं. गाणं केरव्यात आहे, म्हणजे जागा आठ मात्रांची.

गुरुजींनी ही जागा सोडताना गावात कोण कोण येऊ शकेल याचा विचार केला नव्हता. एकदा मी वैतागून मराठीच्या बाईंकडे गेलो. बाई वृत्तं शिकवतात. त्यांनी मधल्या सुट्टीत फळ्यावर लघूच्या चंद्रकोरी आणि गुरूच्या आडव्या रेघा मारून सगळ्या पदांचा हिशेब मांडला. 'आमदार' सहा मात्रांचे निघाले, म्हणजे सरळ दादरा. आमच्या जागेत दोन मात्रा उरतात, म्हणून मुली 'आमदाऽऽर' असं ओढतात. आमदारांना ते आवडतं. 'उपसरपंच' सात मात्रांचे, म्हणजे रूपक. रूपकाची सम टाळीवर नसते, खालीवर असते. मामा म्हणाले, "बरोबर आहे. त्यांना कधी टाळी पडत नाही." 'शिक्षणाधिकारी' दहा मात्रांचे, झपताल. केरव्यात घातले तर 'शिक्षणाधिका' इथे आवर्तन संपतं आणि 'री' पुढच्या समेवर जाऊन आदळते. 'गटशिक्षणाधिकारी' बारा, चक्क एकताल, तेही आवर्तन भरून. आठ मात्रांत एक बोटही न ओढता बसणारा, जणू याच जागेसाठी नेमला गेलेला, तालुक्यात एकच माणूस होता : 'तहसीलदार'. आणि ते आमच्या शाळेत कधी आले नव्हते.

वेळेवर तर कुणीच आलेलं नाही. पत्रिकेत दहाची वेळ असली की मुली साडेआठपासून नऊवारीत उभ्या. गेटवरच्या भिंतीवर एक मुलगा रुमाल घेऊन बसवलेला असतो. गाडी दिसली की त्याने रुमाल हलवायचा आणि आम्ही सुरू करायचं. मुख्याध्यापकांचा नियम ठाम आहे : "पाहुणे फाटकातून आत येताना गाणं चालू पाहिजे आणि ते खुर्चीवर बसेपर्यंत थांबता कामा नये." आता लांबून पांढरी गाडी ही पांढरी गाडीच दिसते. त्या नियमापायी आम्ही आजवर दुधाच्या टेम्पोचं, भोंगा लावून फिरणाऱ्या बेडशीटवाल्याचं आणि एका वऱ्हाडाचं यथासांग स्वागत केलेलं आहे. वऱ्हाडातल्या एका वयस्क बाईंनी उतरून मुलींच्या हातावर शंभराची नोट ठेवली. एकूण विचार करता आमच्या गाण्याची तेवढीच कमाई.

यंदाच्या बक्षीस समारंभाला मात्र तहसीलदारांनी होकार दिला. संगीत विभागात आनंदीआनंद झाला. आठ मात्रा! मुलींनी ती ओळ इतकी घोटली की शाळेसमोरचा पानवालाही 'तहसीलदार' शब्द तालात म्हणू लागला. 'म'ने नवं कर्कटक आणलं. समारंभाच्या दिवशी सकाळी मुख्याध्यापक फोन कानाला लावूनच मंडपात आले. चेहरा उतरलेला.

"तहसीलदार साहेबांना जिल्ह्याला मीटिंग लागली. त्यांच्याऐवजी प्रभारी गटशिक्षणाधिकारी येतायत."

मी मराठीच्या बाईंकडे पाहिलं. त्यांची बोटं आधीच मोजत होती. "प्रभारीच्या पाच," त्या हळूच म्हणाल्या, "आणि बारा. सतरा."

"नुसतं गटशिक्षणाधिकारी म्हणू या का?" मी विचारलं.

"नको," मुख्याध्यापक म्हणाले, "खरे गटशिक्षणाधिकारी रजेवर आहेत. त्यांना कळलं तर वाईट वाटेल."

"मग नुसतं प्रभारी?"

"मग यांना वाईट वाटेल."

सतरा मात्रांचा ताल आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हता. मामा तबल्यावर हातोडी ठोकत ऐकत होते. म्हणाले, "काळजी करू नका, सर. दोन आवर्तनं मी धरतो, सोळा झाल्या. 'री'ची शेपटी तेवढी राहते. तिथं मी उठून घंटेला एक टोला हाणतो. टोल्यात शेपटी कुणाला ऐकू येतेय? आणि परत येऊन समेला बसतो. मला सवय आहे."

तोड इतकी देखणी होती की मुख्याध्यापकांनीही मान डोलावली. घंटा मंडपाच्या खांबाजवळ आणून टांगली. अकराच्या सुमारास रुमाल हलला. आम्ही सुरू केलं. दुसरी ओळ आली, मुलींनी सतरा मात्रा पेलल्या, मामा उठले, टण्ण, मामा बसले. समेवर बरोबर हात पडला. माझ्या अंगावर काटा आला. गाडी मात्र पुढे निघून गेली. ती गॅस एजन्सीची होती. "थांबू नका," मुख्याध्यापक खुणेने म्हणाले, "मागेच आहेत." आम्ही पुन्हा पहिल्यापासून. टण्ण. पुन्हा. टण्ण. मुली घामाघूम, माझं बोट सुजत आलेलं, 'म'ने मध्यम दोनदा उचललेला, मामा मात्र उठबस करूनही एका मात्रेला हलेनात.

कुणाच्या लक्षात आलं नाही, पण मंडपात बसलेली अख्खी शाळा ते टोले मोजत होती. आमच्याकडे तास आठ. आठवा टोला पडला, तशी पाचवी ते दहावीची पोरं एकदम उठली, दप्तरं पाठीला लावली आणि आरडाओरडा करत फाटकाकडे सुटली. पी.टी.चे सर शिट्टी फुंकत मागे धावले, गुडघा विसरून. आणि नेमकी त्याच वेळी फाटकातून जीप आत शिरली.

प्रभारी गटशिक्षणाधिकारी खाली उतरले ते पोरांच्या लोंढ्यात. त्यांनी दोन्ही हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते. "इतकी वर्षं खात्यात काढली," ते मुख्याध्यापकांना म्हणाले, "पण माझ्या स्वागताला अशी धावत आलेली शाळा पाहिली नाही." मग रिकाम्या मंडपात बसून त्यांनी पूर्ण भाषण केलं, चहा घेतला, आणि जाताना शेरेबुकात सही करून वर लिहिलं : 'शाळेत संगीताचे वातावरण अत्यंत उत्तम. हार्मोनियम चालू स्थितीत पाहिली.'